उपाशी नांदरुक

१

दर रविवारी सकाळी चिमाजीआप्पांच्या गच्चीवर पंगत बसायची. जेवणारी मंडळी सगळी वीत-दीड वीत उंचीची. एक चिंच, एक बोर, दोन वड, एक डाळिंब आणि कठड्याच्या कडेला आणखी काही किरकोळ पाहुणे. वाढपी आप्पा. पाणी वाढायचं काम माझं.

साल चौऱ्याहत्तर. मी भोरला एका शाळेत शास्त्र शिकवायला आले होते आणि नदीकडच्या आळीत आप्पांची माडी भाड्यानं घेतली होती. आप्पा वनखात्यातून निवृत्त झालेले. नोकरीत असताना कुठल्याशा साहेबाच्या बंगल्यावर त्यांनी कुंडीतली बुटकी झाडं पाहिली आणि तो नाद त्यांना जडला तो जडलाच. बोन्साय हा शब्द मी पुण्याला एम्प्रेस गार्डनच्या प्रदर्शनात ऐकला होता. आप्पा नुसतं ‘ठेंगणी’ म्हणायचे.

ठेंगण्यांचं जेवण म्हणजे शेंगदाण्याची पेंड. ती मडक्यात भिजत पडलेली असायची आणि तिचा वास असा काही होता की पहिल्या रविवारी मी नाकाला पदर लावून जिन्यातच थांबले. पुढे नाक निर्ढावलं. पेंड ढवळायची, फडक्यातून गाळायची, फिक्क्या चहाचा रंग येईतो पाणी घालायचं. खताच्या आधी कुंडीला साधं पाणी. मुळं छाटलेल्या झाडाला नवी पानं फुटेपर्यंत काही नाही. थंडी पडली की हात आखडायचा. मला हे बरंचसं पुस्तकातून ठाऊक होतं, पण आप्पांच्या तोंडून ऐकायला मजा यायची.

“आन् एक ध्यानात ठेवा, बाई,” ते म्हणायचे. “उपाशी झाडाला एकदम पोटभर घालायचं न्हाई. मुळं जळत्यात. वरून दोन दिस लई जोमात दिसतं, पर आतून करपत असतं.”

सगळ्यांना वाढून झालं की कोपऱ्यातली एक कुंडी उरायची. तिच्यात नांदरुक होतं, वडा-पिंपळाच्या गोतातलं झाड. खोड मनगटाएवढं जाड, गाठीगाठीचं, आणि पानं मात्र करंगळीच्या नखाएवढी. आप्पा त्याच्यासमोरून रिकामा तांब्या घेऊन सरळ पुढे जायचे.

“याला नाही घालत?”

“त्येला न्हाई.”

“का बरं?”

“त्येला लागत न्हाई.”

आता, हवा खाऊन जगणारं झाड मी तरी कुठे वाचलं नव्हतं. मूठभर जुनी माती, वर्षानुवर्षं खत नाही, आणि तरी पान न पान टवटवीत. पोट कशावर तरी भरत असणारच. मला असली कोडी फार आवडतात. म्हटलं, बघू या.

२

घरात तीन माणसं. आप्पा, त्यांच्या पत्नी रतनबाई आणि लेक धोंडा. या नवराबायकोची आधीची तीन मुलं हाताशी आल्यावर एकामागून एक गेली होती. म्हणून चौथीचं नाव धोंडा. नाव ओबडधोबड ठेवलं की नेणाऱ्याचं लक्ष जात नाही, अशी आपल्याकडची समजूत. घरात तिला धोंडी म्हणत.

धोंडी दिसायला आठ-नऊ वर्षांची. शाळेत जात नव्हती. माझी शाळा सकाळची, त्यामुळे दुपारी मी तिला पाटी देऊन समोर बसवायची. ती भराभर शिकली. पण तिच्यात काहीतरी जुळत नव्हतं. परकर-पोलक्यातली ही पोर भाकरी थापायला बसली की हात थेट बाईमाणसाचा. बोलणंही तसंच. मला सर्दी झाली तर म्हणायची, “बाई, डोक्याला बांधा, वारं लागलंय.” मला हसू यायचं.

एकदा तिला पाटीवर ‘पाणी’ लिहायला सांगितलं, तर लिहिता लिहिता म्हणाली, “पानशेत फुटलं त्या दिवशी म्या हितंच भिताडाला टेकून बसले व्हते. आप्पा सायकल घिऊन आले आन् म्हनले, पुण्यात पानी शिरलं. आईच्या हातातली परात पडली.”

पानशेत फुटलं एकसष्ट साली. मी मनात वजाबाकी केली आणि ती पुसूनही टाकली. मुलं ऐकलेलं पाहिल्यासारखं सांगतात, हे शिक्षकाला कुणी शिकवायला नको.

नांदरुकाचं कोडं मात्र मला त्याच आठवड्यात अर्धं सुटल्यासारखं वाटलं. रतनबाई धोंडीला न्हाणीत न घालता परसात मोठ्या परातीत बसवून न्हाऊ घालायच्या. परातीत साठलेलं पाणी तांब्यात भरून जपून गच्चीवर न्यायच्या आणि नांदरुकाला घालायच्या. अंगच्या मळाघामात थोडंफार खत असतंच की! मी खूश झाले. मग ध्यानात आलं की ते पाणी दुसऱ्या कुठल्याच कुंडीला कधी मिळत नाही. आणि आप्पा ज्या दिवशी नांदरुकाचे कोंब खुडत, त्याच दिवशी परसात बसून धोंडीची नखं काढत आणि केस कातरत.

मी कोडं पुन्हा पहिल्यापासून मांडलं.

दुसरीही एक गोष्ट माझ्या नजरेत खुपायची. खालच्या घराच्या, गल्लीकडच्या दोन्ही खिडक्या अर्ध्या बुजवलेल्या होत्या. खालून विटा रचून गिलावा केलेला. एका दमात केलेलं काम नव्हतं ते. सगळ्यात खालची रांग काळी पडलेली, तिच्यावरची जरा उजळ, तिच्यावरची आणखी उजळ. दरवर्षी एकेक रांग चढवत गेल्यासारखं दिसत होतं, आणि मग केव्हातरी चढवणं थांबलं होतं. सगळ्यात वरची रांग धोंडीच्या डोक्याच्या दोन बोटं वर यायची. दिवसाही त्या खोलीत दिवा लावावा असा अंधार. गच्चीचा कठडाही तसाच उंच केलेला.

“उजेड का अडवलाय, आप्पा?” मी एकदा विचारलं.

“धूळ येती,” ते म्हणाले.

३

दुपारी आमची आळी निजलेली असायची. त्या वेळी नदीच्या अंगाने काठीचा आवाज यायचा. टक्, टक्, टक्. मग थांबायचा. पुन्हा टक्, टक्. कुणीतरी प्रत्येक घरासमोर जरा थांबत, आत डोकावत पुढे निघाल्यासारखा. आधी मला वाटलं भिकारी असेल. पण भिकारी हाक मारतो. मग वाटलं नगरपालिकेचा कुणी असेल. पण तो दुपारी कशाला येईल?

गंमत अशी की तो आवाज आमच्या घरासमोर कधीच थांबत नसे. शेजारच्या साळूबाईंच्या दाराशी थांबायचा, मग आमच्या दोन्ही खिडक्यांखालून न अडखळता जायचा आणि पलीकडच्या घराशी थांबायचा.

एकदा मी मुद्दाम माडीच्या खिडकीत उभी राहिले. आवाज खालून गेला. गल्ली रिकामी. मधोमध एक कुत्रं पसरलं होतं. ते उठलं, कुणाला वाट द्यावी तसं भिंतीला लागून उभं राहिलं आणि थोड्या वेळाने पुन्हा आपल्या जागी येऊन पसरलं. पत्र्याचा किंवा पन्हळाचा आवाज असेल, भिंतींमुळे फिरत येत असेल, असं मी स्वतःला पटवलं. कुत्र्याचं काय, ते मात्र पटवता आलं नाही.

खाली आले तेव्हा धोंडी विटांखाली भिंतीला पाठ लावून बसली होती. पाटी मांडीवर. अक्षर न थांबता गिरवत होती, पण डोळे वर लागले होते.

दिवाळीत शेजारच्या साळूबाईंची थोरली लेक गीता मार्गासनीहून माहेरी आली. बरोबर तिची पोर ठकी. साळूबाई आम्हाला दूध घालायच्या, त्यामुळे फराळाला त्यांच्याकडे जाणं झालं. धोंडीही परसातून आली. गीता आणि धोंडी गळ्यात गळे घालून बसल्या. मैत्रिणी बसतात तशा.

“लई जीव दोघींचा,” साळूबाई करंजीचं ताट पुढे करत म्हणाल्या. “एकाच आठवड्यातल्या ना दोगी. म्या हितं बाळंत झाले आन् रतनबाई तिकडं हिर्डोशीला, म्हायेरी.”

मी गीताकडे पाहिलं. गीताला ठकीच्या पाठीवर आणखी एक मुलगा होता.

“अहो, काहीतरीच काय!”

“मंग? आजार हाय तिला. वाढच खुटली. आमाला आता सवय झाली, बाई.”

खरं सांगते, मला त्या क्षणी हायसंच वाटलं. ग्रंथींच्या दोषाने वाढ खुंटते, हे शास्त्राला माहीत होतं. कोड्याला एक नाव मिळालं. तेवढ्यात ठकी अंगणातून ओरडत आली, “धोंडे, चल की खेळाया!” दोघींची उंची अगदी सारखी झाली होती. धोंडी उठली नाही. तिचा चेहरा उतरला तो मी पाहिला.

४

मी आप्पांना गाठलं. पुण्याच्या मोठ्या इस्पितळात दाखवू या, औषधं निघाली आहेत, असं पुष्कळ सांगितलं. आप्पा नांदरुकाचे कोंब खुडत होते. खुडलेल्या जागी पांढरा चीक यायचा आणि ते तो बोटाने टिपायचे. फार मायेनं करत होते ते.

“बाई, तुमी शिकल्याल्या. पर हे औशदाचं काम न्हाई,” ते म्हणाले. “हिची नाळ हिर्डोशीला घराच्या मागं पुरली. त्या जागंवर हे उगावलं. पयल्या तिघांचं बी उगावलं व्हतं. ती झाडं म्या वाढू दिली. लई ग्वाड वाटलं तवा, पोरांसंगं झाडं वाढत्यात म्हनून.” त्यांनी आणखी एक कोंब खुडला. “हे कुंडीत घेतलं.”

“म्हणजे तुम्हाला काय म्हणायचंय?”

“ल्हान हाय तवर दिसत न्हाई.”

“कुणाला?”

त्यांनी कुंडी उचलून कठड्याच्या आणखी आत सरकवली आणि हात धुवायला गेले.

मी रागावले होते. एवढा जाणता माणूस, आणि पोटच्या पोरीला समजुतीपायी असं ठेवतो! त्या रागातही एक चोरटी उत्सुकता होती, तीही सांगून टाकते. खिडकीतल्या विटांच्या रांगा मी खाली जाऊन पुन्हा एकदा पाहिल्या.

त्याच सुमारास आप्पांच्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकला. रतनबाई त्यांना घेऊन पुण्याला पुतण्याकडे गेल्या. आठवड्याचं काम होतं, पण डोळा चिघळला आणि मुक्काम लांबतच गेला. धोंडी साळूबाईंच्या आणि माझ्या भरवशावर राहिली. निघताना आप्पांनी मला सगळ्या कुंड्यांचं खाणंपिणं पुन्हा एकदा समजावलं. नांदरुकाजवळ आले तेव्हा नुसती मान हलवली. धोंडी दारात उभी राहून बघत होती.

५

पुढच्या रविवारी मी गच्चीवर गेले तर मडक्याचं झाकण उघडं होतं. नांदरुकाच्या मुळाशी पेंडीचा घट्ट गोळा, न गाळलेला, तसाच थापलेला. वर हाडांच्या चुऱ्याचं खत. शेजारी धोंडी, कोपरापर्यंत हात बरबटलेले.

“म्या घातलं,” ती म्हणाली. लपवालपवी नाही.

“अगं, एवढं? आप्पांनी काय सांगितलंय ठाऊक आहे ना?”

“ठावं हाय.” तिने हात परकराला पुसले. “ठकी ल्हान व्हती तवा मला मावशी म्हनायची. मागल्या सालापातूर ताई म्हनायची. औंदा धोंडे म्हनली. फुडल्या साली ती माझ्या डोक्यावर हात ठिवंल, बाई.”

मी गोळा काढायला वाकले. तिने माझं मनगट धरलं. पकड मुलीची नव्हती.

“मुळं जळतील त्याची,” मी म्हटलं. “आप्पा येईपर्यंत तरी थांब.”

“आप्पा आले की मंग कदीच न्हाई. उपाशी ऱ्हाऊन हिरवं ऱ्हायचं, न्हाईतर जेवून जळायचं. तिसरं काय असंल तर सांगा, तुमी शास्त्र शिकवता.”

 तिने माझं मनगट सोडलं आणि गोळा जिथल्या तिथे राहिला.

थंडी पडली होती. बाकीची ठेंगणी वाढ आवरून गप्प बसली, आणि नांदरुक फुटलं. लाल-तांबूस कोंब, मग पोपटी पानं, आधी नखाएवढी, मग रुपयाएवढी, मग साध्या रस्त्याकडेच्या झाडाएवढी. इवल्याशा कुंडीत ती पानं विचित्र दिसायची. एवढ्याशा फांदीवर एवढी पानं कशी तोलली जातात हे बघायला मी दिवसातून दोनदा वर जायची.

आणि धोंडी. तिला भूक लागायला लागली. तव्यावरची भाकरी निघायच्या आत संपायची. सांधे दुखतात म्हणून सकाळी उठताना कण्हायची आणि कण्हता कण्हता हसायची. बांगड्या रुतल्या, साळूबाईंनी त्या फोडून काढल्या. परकर घोट्यावरून पोटरीवर चढला. एके दिवशी दुपारी पाटी घेऊन ती माझ्यासमोर बसली आणि मी वर पाहिलं, तर समोर कुणी मुलगी नव्हतीच. तरणी बाई होती, रतनबाईंच्या वळणाची, गळ्याशी हाडं वर आलेली, डोळे मात्र तेच.

साळूबाईंनी तिची दृष्ट काढली. “देवानं बघितलं एकदाचं,” त्या म्हणाल्या.

आप्पांना निरोप धाडायचं मी सुचवलं, पण ते धोंडी आणि साळूबाई दोघींनाही नको होतं. आल्यावर डोळ्यांनी बघतील, साळूबाई म्हणाल्या. शास्त्र म्हणून मी स्वतःला काहीबाही सांगत होते. आजार आपोआप उलटतो, थांबलेली वाढ एकदम झपाटते, अशी उदाहरणं कुठेतरी असतीलच. आनंदही झाला होता मला, नाही कशाला म्हणू?

६

ज्या दिवशी धोंडीने पहिल्यांदा लुगडं नेसलं, त्या दुपारची गोष्ट.

रतनबाईंचं जुनं हिरवं लुगडं. साळूबाईंनी नेसवून दिलं, अंबाडा घालून दिला आणि त्या म्हशीकडे गेल्या. घरात आरसा एकच, खिडकीशेजारच्या भिंतीवर, विटांच्या रांगांहून उंच खिळ्याला लावलेला, आप्पांच्या दाढीचा. धोंडी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. आजवर तिला त्यात फक्त छत दिसत असणार. मी दारात उभी राहून तिच्याकडे बघत होते.

नदीच्या अंगाने काठी वाजली.

टक्, टक्. साळूबाईंच्या दाराशी थांबली. मी वाट पाहिली. टक्, टक्, टक्. पहिल्या खिडकीखालून गेली. दुसऱ्या खिडकीपाशी आली.

आणि थांबली.

धोंडीचं डोकं विटांच्या वर होतं. उजेड तिच्या अंबाड्यावर पडला होता. मला वाटलं ती खाली बसेल, इतकी वर्षं बसली तशी. मी “धोंडे!” म्हणून हाकही मारली. तिने आरशातून नजर काढली आणि सावकाश खिडकीकडे तोंड वळवलं. खिडकी मला तिरपी दिसत होती. गज, त्यापलीकडे समोरच्या घराची भिंत, ऊन. बाकी काही नाही. पण धोंडीच्या चेहऱ्यावरचा उजेड गेला. कपाळापासून हनुवटीपर्यंत, कुणी खिडकीत वाकावं तसा.

गल्लीत एवढं उंच कोण असेल? आमची खिडकी जोत्यावर, गल्लीतून हात वर केला तरी गजाला लागत नाही. हे मला नंतर सुचलं. त्या वेळी मी फक्त तिचा चेहरा पाहत होते. घाबरली होती ती, पण नजर हटली नाही.

“व्हय,” ती हळूच म्हणाली. “म्याच.”

 मग तिच्या चेहऱ्यावर पुन्हा ऊन आलं आणि काठी पुढे गेली. पलीकडच्या घराशी ती थांबली नाही. आळीच्या टोकापर्यंत न थांबता गेली. काम झालेलं माणूस जातं तशी.

“काय पाहिलंस?” मी विचारलं. मला भीती वाटत होती आणि तरी विचारल्याशिवाय राहवलं नाही.

धोंडीने पदर सारखा केला. “उद्या मार्गासनीला जाऊ का वो, बाई? ठकीला भेटून यावं म्हन्ते.”

७

वेल्ह्याच्या एसटीत मी तिला आणि साळूबाईंना बसवून दिलं. सकाळचं कोवळं ऊन होतं. जन्मात ती पहिल्यांदा गाडीत बसत होती. खिडकी तिने स्वतः वर सरकवली, पुन्हा खाली केली, पुन्हा वर केली. मांडीवर ठकीसाठी घेतलेला चुरमुऱ्यांचा पुडा. तिच्याकडे बघून कुणालाही वाटलं असतं, लेकुरवाळी बाई माहेरी निघाली आहे.

“रविवारी पंगतीला ये गं,” मी म्हटलं.

ती हसली. “नांदरुकाला घाला. विसरू नगा.”

गाडी हलली, वळली आणि मागची काच माझ्यासमोर आली. गाडीत पाच-सहा माणसं, सगळी बसलेली. एकजण मात्र उभा होता. धोंडीच्या बाकाशी, पाठमोरा. इतका उंच की टपाला मान टेकून वाकलेला. मी नीट बघावं म्हणून दोन पावलं धावले. धूळ उडाली आणि गाडी फाट्याला लागली.

साळूबाई तिसऱ्या दिवशी एकट्या परत आल्या. ओट्यावर बसून रडत रडत त्यांनी सांगितलं. धोंडी गेल्या गेल्या ठकीला कडेवर घेऊन गावभर हिंडली. ठकी तिला मावशी म्हणाली. गीताच्या पोराला न्हाऊ घातलं, चुलीवर भाकरी केल्या, रात्री दोघी बोलत बसल्या. दुसऱ्या दिवशी दुपारची पोटभर जेवली, पडवीत जरा लवंडते म्हणाली, आणि उठली नाही. डॉक्टर म्हणाले हृदय. एवढी वाढ एकदम, हृदयाला झेपली नाही. मलाही तेच खरं वाटतं. दुसरं काय वाटून घेणार?

“साळूबाई, गाडीत तुमच्याजवळ कोण उभं होतं?” मी विचारलं.

त्यांनी पदराने नाक पुसलं. “उबं कशाला कोन ऱ्हाईल, बाई? गाडी रिकामी व्हती.”

८

निरोप गेल्यावर आप्पा डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून आले. रतनबाई आत गेल्या आणि त्यांनी ती मोठी परात पोटाशी धरली. आप्पांनी मला एका शब्दानेही बोल लावला नाही. फक्त विचारलं, “खिडकीत उबी ऱ्हायली व्हती?”

“हो,” मी म्हटलं.

त्यांनी पहार आणली आणि विटा काढल्या. वरच्या, मग खालच्या, अगदी काळ्या रांगेपर्यंत. खोलीत एवढा उजेड आला की जमिनीचे सारवलेले पोपडे दिसायला लागले.

रविवारी सकाळी मला वर मडकं ढवळल्याचा आवाज आला. मी गेले. नांदरुकाची मोठाली पानं कडेने काळी पडून लोंबत होती. खोड दाबलं तर आत मऊ लागत होतं. बाकीच्या कुंड्या तशाच कोरड्या ठेवून आप्पा त्याच्यापुढे मांडी घालून बसले होते. न गाळलेली घट्ट पेंड हाताने कालवून, लहान लहान गोळे करून त्याच्या मुळाशी ठेवत होते. एक ठेवायचा, जरा थांबायचं, मग दुसरा.

“आप्पा,” मी म्हटलं, “मुळं जळलीत. आता ते खाणार नाही.”

“ठावं हाय.”

खाली गल्लीत काठी वाजत आली. साळूबाईंच्या दाराशी थांबली, मग आमच्या उघड्या खिडकीशी थांबली.  आप्पांनी मान वर केली नाही. त्यांच्या उघड्या डोळ्यातून पाणी वाहत होतं आणि हात चालू होता.

“जन्मभर उपाशी ठिवली तिला म्या,” ते म्हणाले. “घालू द्या, बाई.”

मी खाली बसले आणि त्यांना पेंड कालवून देऊ लागले.